भाऊंचा माऊ

घरातलं जुनं कपाट भंगारवाल्याला किलोवर घालायचं आणि तसंच दिसणारं नवं कपाट दसपट पैसे मोजून दुकानातून आणायचं, या उद्योगाला हल्ली ‘रेट्रो’ म्हणतात. कपाटं, रेडिओ आणि घड्याळं यांच्यापुरतं हे चाललं होतं तोवर मी गप्प होतो. ज्याचा त्याचा पैसा. ज्या आकाराच्या पत्र्याच्या भांड्याला आमच्या लहानपणी घरात एकाच ठिकाणी प्रवेश होता, त्या आकाराच्या भांड्यातून शहरातल्या एका उपाहारगृहात मला कॉफी मिळाली, तेव्हाही मी तोंडातून अक्षर काढलं नाही. निमूट प्यायलो. पण आता ही साथ अक्षरांनाच लागली आहे, आणि अक्षर ही काही कोणाच्या दिवाणखान्यातली वस्तू नव्हे. ते रस्त्यावर टांगलेलं असतं, आणि त्या रस्त्याने मलाही जावं लागतं.

आमच्या घरापासून बसथांबा चालत सात मिनिटांवर. वाटेत एक मिसळवाला, दोन चहावाले, एक केशकर्तनालय (हा शब्द आता गावात माझ्याच तोंडी उरला आहे), एक पोळी-भाजी केंद्र आणि एक हाताने केलेल्या साबणांचं दुकान लागतं. सहाही पाट्या एका आईच्या पोटच्या. वरच्या ओळीत टम्म फुगलेलं, पुरीसारखं अक्षर. खालच्या ओळीत तिरपं, वळसेदार, जिना उतरताना पाय घसरल्यासारखं पळतं अक्षर. शेवटच्या अक्षराला शेपूट, आणि ते शेपूट उलट फिरून साऱ्या ओळीखालून पार पहिल्या अक्षरापर्यंत आलेलं. रंग मोहरीचा, नाहीतर विटेचा. आणि कोपऱ्यात छोट्या गोलात ‘सिन्स २०२३’. पूर्वी पाटीवर ‘स्थापना’ घालायला दुकानात निदान एक पिढी खपावी लागे. आता स्थापनेचे पेढे संपायच्या आत ‘सिन्स’ लागतं.

माझा पुतण्या याच धंद्यात आहे. पुण्यात संगणकासमोर बसून तो लोकांच्या दुकानांची, लग्नांची आणि लोणच्याच्या बरण्यांची अक्षरं ठरवतो. गणपतीला घरी आला तेव्हा मी त्याला विचारलं की बाबा रे, हा काय प्रकार?

“काका, ती पेअर असते.”

“कसली?”

“फॉन्टची. एक डिस्प्ले आणि एक स्क्रिप्ट. डिस्प्ले म्हणजे जाड, मोठा, लांबून दिसणारा. स्क्रिप्ट म्हणजे हाताने लिहिल्यासारखा, पळता. दोघांत कॉन्ट्रास्ट पाहिजे. रेट्रो म्हटलं की हीच पेअर.”

“पत्रिका बघता का जोडी जमवताना?”

“एक्स-हाइट बघतो,” तो गंभीरपणे म्हणाला. “म्हणजे लहान लिपीतल्या इंग्रजी अक्षरांची उंची. ती जुळली की अर्धं काम झालं.”

देवनागरीत लहान लिपीतली अक्षरं कुठून आणतोस, असं मी विचारलं आणि नेमका त्याच वेळी त्याला फोन आला.

आता मी काही अगदीच अडाणी विरोधक नाही. विरोध करायचा तर आधी समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडता आलं पाहिजे, असं आमचे तर्कशास्त्राचे मास्तर सांगत, म्हणून मी ते मांडतो. जोडीमागची कल्पना बरोबरच आहे. पाटीवर दोन गोष्टी सांगायच्या असतात: दुकानाचं नाव आणि बाकीचं. नाव ओरडून सांगायचं, बाकीचं शेजारी बसून. दोघंही ओरडले तर बाजार, दोघंही कुजबुजले तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात. तेव्हा एक जाड आणि एक नाजूक, एक उभं आणि एक धावतं, हे शहाणपणाचं आहे.

शिवाय ज्यांची ही जोडी आहे त्यांच्या घरी ती शोभतेही. ते फुगलेलं अक्षर मूळचं शिकागोचं. ऑस्वाल्ड कूपर नावाच्या गृहस्थाने १९२२ साली ‘कूपर ब्लॅक’ काढलं, ते जाहिरातवाल्यांनी उचललं आणि १९६६ साली ‘बीच बॉइज’च्या ‘पेट साउंड्स’ या तबकडीच्या वेष्टनावरही तेच बसलं. धावत्या अक्षराचं घराणं त्याहून जुनं. कोका-कोलाचं नाव आपण ज्या वळणात ओळखतो ते कंपनीचे हिशेबनीस फ्रँक रॉबिन्सन यांनी १८८६ साली लिहिलं. त्या काळी अमेरिकेतल्या कारकुनांना जे वळण घोटून घोटून शिकवत, त्यातच लिहिलं. पुढे १९४२ साली तिकडच्या छापखान्यांसाठी ‘ब्रश स्क्रिप्ट’ निघालं, फ्रान्समध्ये रोजे एक्सकोफों यांनी १९५३ साली ‘मिस्त्राल’ काढलं ते तर स्वतःच्या हस्ताक्षरावरून. आणि २०१० साली अर्जेंटिनाच्या पाब्लो इम्पालारींनी ‘लॉब्स्टर’ फुकट वाटलं, त्यानंतर जगातल्या यच्चयावत कॉफीच्या दुकानांनी ते अंगावर घेतलं. म्हणजे अमेरिकन माणूस त्या पळत्या अक्षराकडे बघतो तेव्हा त्याला त्याच्या आजोबांची हिशेबाची वही आठवते. त्याचं ‘रेट्रो’ खरं आहे. मागे वळून बघितलं तर मागे खरोखर काहीतरी उभं आहे.

आपण मागे वळून बघितलं तर आपल्याला त्याचे आजोबा दिसतात, आणि माझं सगळं भांडण एवढ्याशा गोष्टीवरून आहे. आपले आजोबा कुठे गेले?

आपले आजोबा मोडी लिहीत होते. मराठीला धावतं अक्षर नव्हतं असं नाही. होतं आणि चांगलं शेकडो वर्षं होतं. आधी कागदावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली, लेखणी शक्य तो न उचलता, अक्षरं टांगत जायची. वाचायला बालबोध आणि लिहायला मोडी, अशी जोडी आपल्याकडे कोणत्याही डिझायनरच्या सल्ल्याशिवाय नांदत होती. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाची फारशी भानगड नसे, त्यामुळे शाळकरी मुलांना ती टिकायला हवी होती, पण मुलांना विचारतो कोण. विल्यम केरींनी श्रीरामपूरला १८१० साली छापलेल्या मराठी कोशात मराठी शब्द मोडीत आहेत. पुढे मात्र छापखान्यांनी बालबोध पत्करली, आणि स्वातंत्र्यानंतरच्या काही वर्षांत मोडी शाळांतूनही गेली. २०१४ साली ती युनिकोडमध्ये दाखल झाली, म्हणजे आता ती संगणकावर लिहिता येते. वाचणारा तेवढा शोधायचा.

म्हणून मी मिसळीच्या पाटीवर मोडी लिहा असं म्हणत नाही. गिऱ्हाईक उपाशी मरेल. माझं म्हणणं इतकंच, की ‘जुन्या काळचं धावतं मराठी अक्षर’ पाहिजे असेल तर त्याचं वळण आपल्या घरच्या माळ्यावर पडलेल्या दप्तरांत आहे, शिकागोला नाही. पण ते दप्तर उघडायला धूळ खावी लागते. त्यापेक्षा ‘लॉब्स्टर’ समोर ठेवायचं, त्याचे वळसे एकेक कापायचे आणि आपल्या ‘क’ला, ‘ल’ला डकवायचे हे सोपं. झाला मराठी स्क्रिप्ट फॉन्ट तयार! धोतरावर टाय.

२०२२ साली सरकारने दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून मराठी पाटी छोट्या दुकानांनाही सक्तीची केली, आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान नको असंही त्यात घातलं. २०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. झालं! ज्यांच्या पाट्या आधी इंग्रजीतून रेट्रो झाल्या होत्या त्यांना दोन महिन्यांत मराठीतूनही रेट्रो व्हायचं होतं. मराठी अक्षर आकाराने मोठं झालं याचा मला आनंद आहे. पण कायद्याने उंची ठरवली, पोशाख ठरवला नाही, आणि तो इंग्रजीच्या उरलेल्या कापडातून बेतला गेला.

हा नुसता सौंदर्याचा प्रश्न असता तर मी त्यावर लेख लिहिला नसता. बायकोला सांगून मोकळा झालो असतो. पण अर्थाचा प्रश्न आहे. इंग्रजी धावत्या अक्षराच्या डोक्यावर रेघ नसते, म्हणून आमच्या रेट्रो फॉन्टवाल्यांनी पहिली कुऱ्हाड घातली ती शिरोरेषेवर. तिच्यामुळे म्हणे ‘जुनाट’ दिसतं. जुनं पाहिजे, पण जुनाट नको! आता ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यातला फरक बघा. तो मुख्यतः त्या रेघेतच आहे. ‘म’च्या डोक्यावर ती सलग, ‘भ’च्या डोक्यावर डावीकडे तुटकी. रेघ काढून टाकली की ‘भ’ला आपण ‘भ’ आहोत हे सिद्ध करायला एका गाठीखेरीज पुरावा उरत नाही, आणि ती गाठही पुष्कळदा वळशांच्या गर्दीत हरवते. ‘ख’चीही तीच गत: रेघ गेली की ‘र’ आणि ‘व’ वेगळे निघतात आणि ‘सुखसागर’चा ‘सुरवसागर’ होतो.

बसथांब्यापलीकडे एक वडापाववाले आहेत. सारं गाव त्यांना भाऊ म्हणतं. त्यांच्या मुलाने हौसेने शहरातून नवी पाटी करवून आणली, वर तिरप्या, बिनरेघेच्या अक्षरात ‘भाऊंचा’ आणि खाली फुगलेल्या अक्षरात ‘वडापाव’. पाटी लागली त्या संध्याकाळपासून शाळेतली पोरं ‘माऊंचा वडापाव’ वाचतात आणि सुटलेली पैसे देताना “म्याव” म्हणतात. पंचवीस वर्षं तव्याशी उभं राहून कमावलेलं भाऊपण एका फॉन्टने घालवलं. भाऊ माझ्याशी याबद्दल एकदाच बोलले. म्हणाले, “काय करता. पोराने प्रेमाने आणलीय.”

आणि हे एकटं नाही. २००९ च्या नोव्हेंबरात सरकारने वर्णमालेबद्दल निर्णय काढून ‘ल’ पाकळीचा असावा असं सांगितलं, तरी रेट्रो फॉन्टांतले निम्मे ‘ल’ दिल्लीहून आलेले असतात. ‘ॲ’ टाइप करावा तर त्या जागी रिकामी चौकट येते. आणि ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला आपला खास मराठी आडवा ‘र’ तर किती फॉन्टांना ठाऊकच नसतो. एका लग्नात मुलाकडच्यांनी, स्वयंपाक उत्तम झाला म्हणून, कापडी फलकावर रेट्रो अक्षरात ‘आचाऱ्यांचा सत्कार’ छापायला दिलं होतं. आडवा ‘र’ नसल्यामुळे छापून आलं ‘आचार्यांचा सत्कार’. जेवणं आटोपल्यावर दोन निवृत्त प्राध्यापक आपणहून पुढच्या रांगेत येऊन बसले, आणि त्यांना शाल घालण्याखेरीज यजमानांना गत्यंतर उरलं नाही. आचारी मागच्या दाराशी विडी ओढत उभे.

“मग काका, करायचं काय? संगणक फेकून द्यायचे?” असं पुतण्या चिडून विचारतो. नाही रे बाबा. संगणकावर माझा राग नाही. र. कृ. जोशींसारख्या अक्षरांत बुडालेल्या माणसाने केलेलं ‘मंगल’ कित्येक वर्षं घरोघरच्या संगणकांत होतं, आणि त्याने कोणाच्या पत्रिकेत बाधा आणली नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ मंडळींचा ‘मोदक’ नावाचा फॉन्ट आहे. तो फुगलेला आहे, पण मराठी पद्धतीने फुगलेला आहे. आतल्या पांढऱ्या जागा चिमटीत धरल्यासारख्या, कळ्या पाडल्यासारख्या. मुंबईच्या लोकल रेल्वेवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून ‘यात्रा’ नावाचा फॉन्ट कोणीतरी कष्टाने केला आहे. दोन्ही फुकट मिळतात. म्हणजे चांगलं महाग आहे अशीही सबब नाही.

माझा खरा आक्षेप ‘पेअर’ या मंत्रावर आहे. जाड अधिक पळतं म्हणजे रेट्रो, हे समीकरण तिकडचं. आपल्याकडची जुनी जोडी निराळी होती आणि ती ज्यांनी पाहिली ते अजून हयात आहेत. आमच्या तरुणपणी वर्तमानपत्र उघडलं की शेवटच्या पानांवर नाटकांच्या जाहिराती असत. चार बोटांची जागा. तीत वर नाटकाचं नाव, आणि ते बहुधा कमल शेडगे यांच्या हातचं. २०२० साली हा माणूस गेला. त्याने नाटकांची नावं किती लिहिली याची मोजदाद मी करत नाही, पण प्रत्येक नावाला स्वतःचा चेहरा होता. गंभीर नाटकाचं अक्षर गंभीर, फार्सचं अक्षर फार्स. तिकीट काढण्याआधीच आपण नाटक किती हसवणार याचा अंदाज घेत असू. आणि त्या अक्षराखाली? खाली छापखान्यातल्या शिशाच्या खिळ्यांचं साधं, उभं, निर्व्याज अक्षर: शिवाजी मंदिर, रविवार, रात्रौ ८॥. बस. ना वळसा, ना शेपूट. जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला तेव्हापासून मराठी डोळ्याला सवय लागलेलं सरळ वळण. एकाने नटायचं आणि दुसऱ्याने कामाला जायचं, ही आपली जोडी. दोघांनीही पैठणी नेसून भाजी आणायला निघायचं, ही ती नव्हे.

हे सगळं मी मनातल्या मनात म्हणत राहिलो असतो, पण प्रकरण आमच्या वाचनालयापर्यंत आलं. गावचं सार्वजनिक वाचनालय १९५० सालचं. परवा त्याला पंच्याहत्तर वर्षं झाली. अमृतमहोत्सव म्हटला की समिती आली, समिती म्हटली की ठराव आला, आणि पहिलाच ठराव आला की दारावरची पाटी बदलावी, कारण ती जुनी झाली आहे. आणि नवी पाटी, अमृतमहोत्सवाला साजेशी, जुन्या वळणाची करावी.

हा ठराव मी दोनदा वाचायला लावला. चिटणिसांना वाटलं, मला ऐकू कमी येतं.

पाटी १९६८ सालची. पत्र्यावर तैलरंगात, पिवळ्या जमिनीवर लाल अक्षर, खाली उजवीकडे काळी सावली. खडूच्या दोऱ्याने रेघा मारून, उन्हाळ्याच्या सुटीत चार दिवस शिडीवर बसून गावातल्या पेंटरांनी ती रंगवली. आम्ही पोरं खाली उभं राहून बघत होतो. सावली भरताना ते श्वास रोखत आणि ओळ पुरी झाली की सोडत. तेवढ्या वेळात खाली आम्हीही श्वास रोखलेला असे. ‘सार्वजनिक’ ऐसपैस झालं आणि ‘वाचनालय’ लिहिताना शेवटी पत्रा कमी पडला, म्हणून शेवटचा ‘य’ जरा अंग चोरून उभा आहे. एसटीत मधल्या माणसाने सरकून घ्यावं तसा. त्या ‘य’वरून आमची पाटी पन्नास पाट्यांत ओळखू येते. खालच्या कोपऱ्यात पेंटरांची सही आहे, आगपेटीच्या काडीएवढी.

समितीने शहरातल्या एका मोठ्या जाहिरातवाल्यांकडून तीन नमुने मागवले. पडद्यावर दाखवायला एक मुलगी आली होती. हुशार होती, नम्र होती, मला “सर” म्हणत होती. तीनही नमुन्यांत ‘वाचनालय’ पुरीसारखं फुगलेलं आणि ‘सार्वजनिक’ त्याच्या डोक्यावर बारीक, तिरपं, पळतं. दुसऱ्या नमुन्यात अक्षरांवर ओरखडे होते.

“हे ओरखडे कसले?” अध्यक्षांनी विचारलं.

“सर, ते टेक्स्चर आहे. पाटी जुनी वाटावी म्हणून. आणि कडेला गंजाचा इफेक्ट दिलाय.”

“गंज कायमचा राहील ना?” खजिनदारांनी काळजीने विचारलं.

“हो सर, पाच वर्षांची गॅरंटी.”

खर्च रुपये १८,०००. म्हणजे खरा गंज असलेली पाटी काढून, अठरा हजार रुपये देऊन, हमीचा गंज असलेली पाटी लावायची. मी तसं बोललो. हसले सगळे, पण खजिनदार आकड्याभोवती पेन्सिलीने गोल करू लागले, एवढं मी पाहिलं.

मला गंजाहून जास्त लागलं ते ‘सार्वजनिक’चं झालेलं नक्षीकाम. “बाळ,” मी त्या मुलीला म्हटलं, “हा शब्द बारीक का?”

“सर, तो डिस्क्रिप्टर आहे. मेन वर्ड वाचनालय.”

तिचा दोष नाही. जोडी करायची म्हटलं की एक शब्द मोठा आणि एक लहान करावाच लागतो, आणि कोणता लहान ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. १९५० च्या आधीही गावात एक वाचनालय होतं. पुस्तकंही बरी होती म्हणतात. पण आत कोणी यायचं आणि कोणी दारातूनच वर्तमानपत्राचे मथळे ऐकून परत जायचं, हे तिथे ठरलेलं होतं. त्यावरून भांडणं झाली, दोन घरांत अबोला पडला तो लग्नकार्यांपर्यंत टिकला, आणि चौदा माणसांनी आठ-आठ आणे काढून हे दुसरं वाचनालय काढलं. त्यांच्या दृष्टीने वाचनालय हा तपशील होता. ते आधीही होतं. मुख्य शब्द ‘सार्वजनिक’ होता. म्हणूनच पेंटरांच्या पाटीवर तो ऐसपैस आहे आणि जागा कमी पडली ती ‘वाचनालय’च्या ‘य’ला. पेंटरांचे वडील त्या दारातून परत जाणाऱ्यांपैकी होते. आता त्या शब्दाला तिरपं करून, वळसे घालून, वडापावावरच्या मिरचीसारखं कडेला ठेवायचं, आणि वर म्हणायचं की आम्ही परंपरा जपली!

हे मी सभेत बोललो तेव्हा जरा शांतता झाली. मग एक तरुण सभासद म्हणाला, “पण काका, लोकांना हल्ली असंच आवडतं.” लोकांना आवडतं हे म्हणणाऱ्याने लोकांना विचारलेलं असतं असं माझ्या पाहण्यात नाही. मी त्या संध्याकाळी वाचनालयात आलेल्या अकरा जणांना विचारलं. नऊ जण म्हणाले, “पाटी? आहे की.” एक आजीबाई म्हणाल्या, तो चोरटा ‘य’ तेवढा काढू नका, नातवाला मी अक्षर त्यावरून शिकवलं. अकरावे गृहस्थ पंखा चालत नाही म्हणून तक्रार करायला आले होते.

माझी उपसूचना मी लेखी दिली आहे. पाटी हलवू नये. पेंटर गेले, पण त्यांचा मुलगा आहे. तो आता गाड्यांच्या काचांवर रेडियम कापून चिकटवण्याचं काम करतो, मात्र हातात ब्रश अजून बसतो, हे मी त्याच्या दुकानाच्या शटरवर पाहिलं आहे. गंज खरवडून, उडालेला रंग जिथल्या तिथे भरून, सावलीची कड पुन्हा उचलायला तो साडेतीन हजार म्हणतो, सहीला हात न लावता. अमृतमहोत्सवाचं सांगायचंच असेल तर खाली वेगळ्या छोट्या पट्टीवर साध्या, उभ्या, शिरोरेषा शाबूत असलेल्या अक्षरात ‘स्थापना १९५०’ लिहावं. ‘सिन्स’ लिहू नये. उरलेल्या साडेचौदा हजारांत पंखा येतो आणि दोन वर्षांचे दिवाळी अंकही.

पुतण्याला मी ही उपसूचना फोनवर वाचून दाखवली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “काका, त्या ‘य’चा एक नीट फोटो पाठव ना.” कशाला, ते मी विचारलं नाही. पण पाठवला.

सर्वसाधारण सभा येत्या रविवारी सकाळी दहाला आहे. अध्यक्ष माझ्या बाजूला झुकल्यासारखे वाटतात, खजिनदार तर आकड्यांमुळे झुकलेलेच आहेत. चिटणिसांचं मात्र सांगता येत नाही, कारण जाहिरातवाल्यांना त्यांनी आगाऊ शब्द दिल्याचं कानावर आहे. ते म्हणे सभेची वाट न बघता शनिवारीच जुनी पाटी उतरवून घेणार आहेत. उतरवायला शिडी लागेल. वाचनालयाची शिडी एकच आहे, आणि ती गेल्या मंगळवारपासून, घराची कौलं शाकारायची म्हणून, रीतसर वहीत सही करून मी घरी आणून ठेवली आहे. कौलं बरीच आहेत.